गुळवेल रस, 1 लिटर: बाराव्या दिवशी दिलेले पाच स्टार मी परत घेतेय

या बाटलीचा माझा रिव्ह्यू आधीपासून इथे होता. पाच स्टार दिले होते, चार ओळी लिहिल्या होत्या, सोबत आईच्या हातात ग्लास असलेला फोटो टाकला होता आणि 31 जणांनी तो उपयुक्त म्हणून मार्क केला होता. तो काढून हा लिहितेय. कंपनीचं नाव मी मजकुरात कुठेही घेणार नाहीये, कारण मला जे सांगायचंय ते एका कंपनीपुरतं नाही आणि शेजारच्या चार कंपन्यांच्या बाटल्या उचलून बघितल्या तर लेबलवर जवळपास तेच छापलेलं असतं. मोठा झालाय रिव्ह्यू, पण घरात कोणी रोज सकाळी काही ना काही रस किंवा काढा घेत असेल तर कृपया पूर्ण वाचा.

गेल्या वर्षी आषाढी झाली त्याच आठवड्यात आमच्या सोसायटीत डेंग्यूचे पाच-सहा पेशंट झाले, आम्ही डोंबिवलीला राहतो, पावसाळ्यात हे दर वर्षीचंच आहे. सोसायटीच्या ग्रुपवर लगेच पपईच्या पानांचा रस, गुळवेल, प्लेटलेट असं सगळं सुरू झालं. आई 59 वर्षांची, थायरॉईडची गोळी बारा वर्षं चालू, बाकी ठणठणीत, रोज पाऊण तास चालणारी. ती म्हणाली की कोविडच्या वेळी पण सगळे घेत होते, आपण राहिलो, आता तरी मागव. मी मागवली. 260 रुपयांची बाटली दोन दिवसांत आली, पॅकिंग चांगलं, सील नीट, गळती नाही. रस हिरवट तपकिरी आणि कडू जहर, पण आईला कडूचं कौतुक, पाडव्याला कडुनिंबाची गोळी पण ती आम्हा सगळ्यांच्या आधी खाते. लेबलवर 20 ते 30 मिली दिवसातून दोनदा पाण्यात घालून उपाशीपोटी असं होतं, तिने मापाच्या झाकणाने मोजून 30 मिली दोनदा सुरू केलं. 8 जुलैला पहिला डोस, तारीख मला पाठ आहे कारण नंतर प्रत्येक डॉक्टरांनी पहिला प्रश्न तोच विचारला.

बाराव्या दिवशी आई म्हणाली, पोट साफ होतंय, सांधे जरा हलके वाटतात, लिही की चांगलं म्हणून. आणि मी लिहिलं. तेव्हा मला खरंच तसं वाटत होतं, त्यात खोटं काही नव्हतं. एक बाटली संपली, दुसरी मागवली, मग तिसरी आणि चौथी एकदमच, कारण तेव्हा दोन घेतल्या तर साठ रुपये सूट होती.

गणेश चतुर्थीला आईने नेहमीसारखे एकवीस मोदक वळले आणि एकही तोंडात घातला नाही. नारळाच्या सारणाचा वास नको झाला म्हणाली. मला तेव्हाच खटकायला हवं होतं, कारण आमच्या घरात सारण चाखायला पातेल्याशी पहिली तीच असते. त्याआधी आठवडाभर जेवण कमी झालं होतं, दुपारी झोपून राहायची, तळहात खाजवत बसायची, आम्ही म्हटलं दगदग झाली असेल, सणाचे दिवस आहेत. लघवी गडद होतेय, कोऱ्या चहासारखी, हे तिला दिसत होतं पण तिने कोणाला सांगितलं नाही, पाणी कमी पडत असेल असं मनाशी धरून बसली. गौरी पूजनाच्या दिवशी सकाळी ती खिडकीशी उभं राहून गौरीला दागिने घालत होती तेव्हा उजेडात मला तिचे डोळे पिवळे दिसले. पहिल्या डोसपासून तो पंचावन्नावा दिवस होता.

आता इथे एक गोष्ट सांगायलाच हवी. मामाला फोन केला तर तो म्हणाला, काही हॉस्पिटल वगैरे नको, कावीळ आहे, सरळ गावाला घेऊन ये. आमचं आजोळ चिपळूणच्या बाजूला. तिकडे काविळीचं औषध देणारे आहेत, आणि तिकडेच कशाला, महाराष्ट्रात असा एकही तालुका नसेल जिथे कोणी ना कोणी कावीळ उतरवत नाही. कोणी नाकात देवडांगरीचा रस घालतं, मग नाकातून दिवसभर पिवळं पाणी गळतं आणि बघणाऱ्याला वाटतं की कावीळच बाहेर पडतेय, खरं तर ते नाकाच्या आतल्या त्वचेची आग होऊन आलेलं पाणी असतं. कोणी चुन्याच्या निवळीने हात धुवायला लावतं आणि परातीतलं पाणी पिवळं झालं की दाखवतं. कोणी माळ घालतं, ती लांबत जाऊन पोटापर्यंत आली की कावीळ उतरली म्हणायचं. मामाला मी दोष देत नाही. लहानपणी त्याला स्वतःला कावीळ झाली होती, तेव्हा नाकात औषध घातलं होतं आणि तो बरा झाला होता. पण दूषित पाण्यामुळे होणारी कावीळ, म्हणजे हिपॅटायटीस ए आणि ई, ही बहुतेक लोकांत आपली आपण काही आठवड्यांत उतरते, औषध घाला नाहीतर नका घालू. त्यामुळे उतरवणाऱ्यांचं यश शंभरातल्या नव्वदांना दिसतं आणि उरलेल्या दहांची कावीळ वेगळीच असते, त्यांचा वेळ जातो. गरोदर बाईला हिपॅटायटीस ई झाला तर जिवावर बेततं, तिथे तर एक दिवस घालवू नये. मी मामाला म्हटलं, मामा, आधी रक्त तपासू, मग तू सांगशील ते बघू. तो रागावला. दुसऱ्या दिवशी रिपोर्ट पाठवला तेव्हा गप्प झाला आणि संध्याकाळच्या गाडीने स्वतः निघून आला.

रिपोर्ट असा होता. बिलिरुबिन 8.6, नॉर्मल साधारण 1 च्या आसपास असतं. एसजीपीटी 1140, जे चाळीसच्या आसपास असायला हवं. आयएनआर 1.3, म्हणजे तोही थोडा वाढलेला. डॉक्टरांनी मला शेवटच्या आकड्याकडे लक्ष द्यायला सांगितलं. एसजीपीटी म्हणजे लिव्हरच्या पेशी किती फुटतायत ते कळतं, पण आयएनआर वाढला म्हणजे लिव्हर रक्त गोठायला लागणारी प्रथिनं पुरेशी बनवत नाहीये, म्हणजे काम कमी पडायला लागलंय. हा आकडा वाढत गेला आणि पेशंट बरळायला लागला, झोपेत गेला, तर गोष्ट लिव्हर ट्रान्सप्लांटपर्यंत जाते. आम्हाला ॲडमिट करून घेतलं. ए, ई, बी, सी सगळे निगेटिव्ह आले, सोनोग्राफीत पित्ताचा खडा नाही, पित्ताची नळी फुगलेली नाही, आई दारू तर सोडाच कॉफीसुद्धा पित नाही. मग लिव्हरच्या डॉक्टरांनी विचारलं, दुसरं काय घेता? आम्ही म्हटलं, फक्त थायरॉईडची गोळी. ते म्हणाले, गोळ्या नाही विचारत, रस, काढा, पावडर, कॅप्सूल, ग्रीन टी, केसांसाठी काही, वजनासाठी काही, घरात जे जे आहे ते सगळं एका पिशवीत घालून घेऊन या.

आईने आपण होऊन सांगितलंच नसतं, कारण तिच्या हिशेबात गुळवेल हे औषध नव्हतं. माझ्या पण नव्हतं. बाहेर थांबले होते तिथल्या दोन जणांशी नंतर बोलणं झालं, त्यांच्याकडे पण तसंच, डॉक्टरांनी औषधं विचारली की आपण मेडिकलमधून आणलेली औषधं सांगतो, ओट्यावरची बाटली सांगत नाही.

पिशवीतून गुळवेलची बाटली निघाली आणि डॉक्टर म्हणाले, किती दिवस? मी म्हटलं, पंचावन्न. ते म्हणाले, बसतंय. मग त्यांनी मला जे समजावलं ते इथे लिहिते, कारण त्यानंतर मी बरंच वाचलं आणि ते सगळं जुळलं. कोविडच्या पहिल्या वर्षात, 2020 च्या सप्टेंबर ते डिसेंबरमधे मुंबईतल्या डॉक्टरांकडे असे सहा पेशंट आले होते, कावीळ झालेले, बाकी कारण सापडत नव्हतं आणि सगळे गुळवेल घेत होते. ते 2021 मधे छापून आलं. मग देशभरातल्या 13 हॉस्पिटलांनी आपापले पेशंट एकत्र केले, मार्च 2020 ते डिसेंबर 2021 मधले, ते 43 निघाले, निम्म्याहून जास्त बायका. पहिल्या डोसपासून त्रास सुरू होईपर्यंत गेलेला काळ, मधला आकडा काढला तर, 46 दिवस. आईची अन्नावरची वासना गेली तो दिवस मी कॅलेंडरवर मोजला, त्रेचाळिसावा होता.

46 दिवस हा आकडा वाचला तेव्हा मी इथे परत आले आणि या बाटलीचे सगळे रिव्ह्यू रात्री बसून वाचून काढले. आठ दिवसांपासून घेतोय, छान वाटतंय. कालच आली, पॅकिंग मस्त. पंधरा दिवस झाले, फरक जाणवतो. आईसाठी घेतलं, चव कडू पण असली माल. एखादाच कोणीतरी महिना झाला म्हणतो. दीड-दोन महिन्यांनंतर परत येऊन कोणीही काही लिहिलेलं नाही, आणि लिहिणार तरी कसं, ज्याला काही झालं नाही तो तोपर्यंत विसरलेला असतो आणि ज्याला झालं त्याला या बाटलीमुळे झालं हेच माहिती नसतं. लिव्हरला आतून दुखत नाही हो. गुडघा दुखतो, पोट दुखतं, दात तर झोपू देत नाही, पण लिव्हर गपचूप फुटत राहतं आणि डोळे पिवळे होईपर्यंत बरंचसं होऊन गेलेलं असतं. त्यामुळे अशा वस्तूला दहा-बारा दिवसांत दिलेले स्टार, माझे धरून, ते पॅकिंगचे आणि चवीचे स्टार आहेत. त्यावरून ती वस्तू सुरक्षित आहे का ते कळूच शकत नाही.

आता दुसरी बाजू पण प्रामाणिकपणे लिहिते. आयुष मंत्रालयाने तेव्हाच सांगितलं होतं की गुळवेलीला असं दोषी धरणं बरोबर नाही, ती हजारो वर्षं वापरात आहे, आणि तिच्यासारखीच दिसणारी दुसरी वेल आहे, टिनोस्पोरा क्रिस्पा, ती घातक असू शकते, लोकांनी चुकून तीच घेतली असेल. हा मुद्दा मला अजिबात उडवून लावायचा नाहीये. आपली गुळवेल म्हणजे टिनोस्पोरा कॉर्डिफोलिया, हृदयाच्या आकाराचं पान, लाल गोल फळं. त्या दुसरीच्या खोडावर ठसठशीत गाठी असतात, तोडलं की दुधासारखा चीक येतो, फळ लांबट आणि नारिंगी. वेल समोर असेल तर ओळखणारा ओळखेल. पण माझ्यासमोर वेल नव्हती, बाटली होती! बाटलीतल्या हिरवट पाण्याच्या खोडाला गाठी होत्या का ते मी कुठे बघू? आणि समजा चुकीची वेल गेली असेल, तर ती चूक वेल तोडणाऱ्याची, विकत घेणाऱ्याची, रस काढणाऱ्याची, मापाच्या झाकणाने मोजून पिणाऱ्या माझ्या आईची तर नाही ना. शिवाय हॉस्पिटलांच्या त्या पाहणीत पेशंटकडून मिळालेले नमुने तपासले होते, आणि त्यांचं म्हणणं असं की गुळवेल शरीराची प्रतिकारशक्ती चाळवते आणि काही लोकांत तीच स्वतःच्या लिव्हरवर उलटते. ज्यांच्यात हा दोष आधीच लपलेला असतो, त्यांच्यात तो बाहेर येतो.

आणि इथे आईची थायरॉईडची गोळी आली. तिचा थायरॉईड जो गेला तो शरीराने स्वतःच स्वतःवर हल्ला करूनच गेला होता, हाशिमोटो म्हणतात त्याला, बारा वर्षांपूर्वीच्या फाईलमधे लिहिलेलं होतं, आम्ही कधी वाचलंच नव्हतं. ज्याला असा एक आजार आहे त्याला दुसरा असण्याची शक्यता इतरांपेक्षा जास्त असते. अशा माणसाला इम्युनिटी वाढवा म्हणून काही देणं म्हणजे काय, ते डॉक्टरांनी समजावलं तेव्हा मला घशात काहीतरी अडकल्यासारखं झालं. आम्ही चांगलं व्हावं म्हणून देत होतो.

बाटलीवर हे कुठेही नव्हतं. लेबल मी इतक्या वेळा वाचलंय की डोळे मिटून सांगू शकते. गुळवेल रस, सोडियम बेंझोएट (रस टिकावा म्हणून घालतात ते), आयुर्वेदिक औषधाचा लायसन्स नंबर, बॅच, तारीख, 100 टक्के नैसर्गिक, रोगप्रतिकारशक्ती वाढवते, यकृतासाठी हितकारक. हो, यकृतासाठी हितकारक असं छापलेलं आहे, आणि आयुर्वेदात गुळवेल काविळीवर सांगितलेली पण आहे, म्हणून मी त्याला सरळ खोटं म्हणत नाही. पण किती दिवस घ्यायचं ते नाही. वेलीचा कुठला भाग वापरला ते नाही. 30 मिलीत मूळ गुळवेल किती ग्रॅम आहे ते नाही. थायरॉईड, संधिवात, सोरायसिस, ल्युपस असा शरीर स्वतःवरच उलटण्याचा काही आजार असेल तर आधी विचारा, हे नाही. डोळे पिवळे झाले, लघवी गडद झाली तर बंद करा, ही एक ओळ नाही. त्या एका ओळीने आमचे दहा दिवस वाचले असते.

माझी एक शाळेपासूनची मैत्रीण बीएएमएस आहे, कल्याणला प्रॅक्टिस करते, तिच्याजवळ मी खूप चिडून बोलले, आयुर्वेदावरच घसरले. ती शांतपणे ऐकून घेऊन म्हणाली, अगं, पण तू आयुर्वेद घेतलास कुठे? वैद्य नाडी बघतो, भूक विचारतो, झोप विचारतो, ऋतू बघतो, मग इतके दिवस इतकं चूर्ण अमुक बरोबर असं देतो आणि परत बोलावतो. गुळवेलीच्या वाळलेल्या खोडाचं चूर्ण 3 ते 6 ग्रॅम, हे औषधकोशात दिलेलं आहे, पण ते अख्ख्या सोसायटीने रोज सकाळी उठून तीन महिने घ्या असं कुठेही दिलेलं नाही. तिने आणखी एक गोष्ट सांगितली जी मला माहिती नव्हती. बिबा, बचनाग, धोतरा, गुंज अशा विषारी वनस्पतींची एक यादी कायद्यात आहे, त्या ज्या औषधात असतील त्यावर डॉक्टरांच्या देखरेखीखाली घ्या अशी सूचना छापावीच लागते. गुळवेल त्या यादीत नाही, म्हणून ती सूचना नाही. आणि ग्रंथांत सांगितलेल्याच घटकांपासून ग्रंथात सांगितलेल्याच उपयोगासाठी औषध बनवलं तर लायसन्ससाठी सुरक्षिततेची नव्याने चाचणी मागत नाहीत. मला हे पटत नाही. ग्रंथ लिहिले गेले तेव्हा बाटलीबंद रस नव्हता, त्यात बेंझोएट नव्हतं, कुरिअरने घरोघर जात नव्हता आणि पिणाऱ्याच्या पोटात शेजारी थायरॉईडची, शुगरची, प्रेशरची गोळी नव्हती.

कस्टमर केअरबद्दल. तीनदा फोन केला. पहिल्यांदा मुलगी म्हणाली, मॅडम आपलं प्रॉडक्ट नॅचरल आहे, साईड इफेक्ट नसतो. दुसऱ्यांदा म्हणाले मेल करा, बॅच नंबर आणि रिपोर्टसकट मेल केला, पोच आली. तिसऱ्यांदा सांगितलं उरलेल्या बाटल्यांचे पैसे परत देतो. मला पैसे नको होते. मला विचारायचं होतं की या बॅचची वेल कुठून आली आणि ती कोणी ओळखली, जड धातूंची तपासणी झाली का, झाली असेल तर रिपोर्ट पाठवा. त्याचं उत्तर आजपर्यंत आलेलं नाही. फोनवरच्या मुलीवर माझा राग नाही, तिला समोर लिहून दिलेलं तेवढंच ती बोलणार.

पिशवीतून बाकी काय काय निघालं ते पण सांगते, कारण तुमच्या कपाटात पण तेच असणार. हळदीच्या कॅप्सूल, मिरीचा अर्क घातलेल्या, माझ्या वहिनीने सांधेदुखीसाठी दिलेल्या, आईने आठ-दहाच घेतल्या होत्या. त्यावर औषधाचं लायसन्स नव्हतं, अन्नाचा चौदा आकडी नंबर होता, म्हणजे सरकारदरबारी ते खाणं आहे. भाजीतली हळद वेगळी आणि ही वेगळी, मिरीच्या अर्काने हळदीतलं कर्क्युमिन रक्तात कितीतरी पटीने जास्त जातं, त्यासाठीच तर तो घालतात. अमेरिकेत 2022 मधे हळदीच्या सप्लिमेंटमुळे लिव्हरला इजा झालेल्या 10 जणांची माहिती छापून आली, त्यातल्या 7 जणांत एक ठराविक जीन सापडली, तीच जीन ग्रीन टीच्या अर्काने लिव्हर बिघडलेल्यांत पण दिसते. म्हणजे शेजारच्या काकूंना काही झालं नाही याचा अर्थ तुम्हाला होणार नाही असा नाही, तुमच्या रक्तात काय लिहिलंय ते त्यांच्यात नाही. अश्वगंधाचा एक डबा निघाला, माझा, ऑफिसच्या टेन्शनसाठी घेतलेला, त्यावर पण आइसलँड आणि अमेरिकेतल्या 5 पेशंटचं 2020 मधे छापून आलेलं आहे. पांढऱ्या डागांवरची बावची अजून एक, ती आमच्याकडे नव्हती पण ओळखीत एका मुलीला चालू होती, तिला मी फोन करून लिव्हर टेस्ट करून घ्यायला सांगितलं, ती नॉर्मल आली, फार बरं वाटलं. हे सगळं क्वचित होतं, लाखो लोक घेतात आणि थोड्यांनाच होतं, हे मला मान्य आहे. पण ते थोडे कोण हे घेण्याआधी कळत नाही, म्हणून निदान मधे एकदा रक्त तपासावं एवढंच म्हणणं आहे, लिव्हरची साधी टेस्ट कुठल्याही लॅबमधे होते आणि तीन बाटल्यांच्या किमतीत बसते.

आईचं पुढे काय झालं. रस त्याच दिवशी बंद केला, सगळंच बंद केलं. आठवडाभर आकडे हवे तसे उतरेनात, रक्तात स्वतःच्याच शरीराविरुद्धच्या अँटिबॉडीज पॉझिटिव्ह आल्या, मग बायोप्सी झाली, त्यात शरीराने स्वतःच लिव्हरवर हल्ला केल्यासारखं चित्र दिसलं. स्टिरॉईड सुरू केलं, त्यावर झपाट्याने उतार पडला. नऊ दिवसांनी घरी आलो. पाच महिने डोस हळूहळू कमी करत आणून बंद केला आणि आता दर महिन्याला रक्त तपासतो, कारण औषध थांबवल्यावर परत वाढलं तर तो जन्मभराचा आजार निघेल आणि नाही वाढलं तर तो त्या रसाचाच प्रताप होता असं म्हणता येईल, असं डॉक्टरांनी सांगितलंय. आजवर तीनदा तपासलं, तीनही वेळा नॉर्मल. शेवटचा एसजीपीटी 31.

आम्ही रिपोर्टिंग पण केलं. हे करता येतं हे मला माहितीच नव्हतं. औषधाने त्रास झाला तर कळवायची सरकारी हेल्पलाईन आहे, 1800-180-3024, तिथे सामान्य माणूस पण कळवू शकतो, आणि आयुर्वेदिक औषधांसाठी आयुष मंत्रालयाची वेगळी व्यवस्था आहे, आयुष सुरक्षा नावाने, तिचं मुख्य केंद्र दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्वेद संस्थेत आहे. माझ्या मैत्रिणीने, बीएएमएसवालीने, शेजारी बसून फॉर्म भरून दिला. बॅच नंबर लागतो, कधी सुरू केलं कधी थांबवलं ते लागतं, रिपोर्ट लागतात. म्हणून बाटली फेकू नका. आमच्या पहिल्या तीन बाटल्या आम्ही रद्दीवाल्याला देऊन बसलो होतो, चौथी उरलेली होती म्हणून बॅच मिळाली. ती अजून फ्रीजच्या दारात आहे, वर चिकटपट्टी लावून मोठ्या अक्षरात घेऊ नये असं लिहिलंय.

स्टार द्यावे लागतात म्हणून एक देतेय. डिलिव्हरी वेळेत, पॅकिंग उत्तम, पैसे परत द्यायला तयार, हे सगळं खरं आहे आणि त्याने काही फरक पडत नाही. ज्या दिवशी लेबलवर किती दिवस, किती ग्रॅम, कोणी घेऊ नये आणि कधी थांबवावं या चार ओळी येतील त्या दिवशी मी परत येऊन स्टार वाढवीन.

परवा आईने घाबरत घाबरत डॉक्टरांना विचारलं, चहात तुळशीची दोन पानं घातली तर चालतील का. ते हसून हो म्हणाले. आता ती मोजून दोनच घालते.

त्या 31 जणांपैकी कोणी हे वाचत असेल तर एकच करा, ज्या दिवशी बाटली सुरू केलीत ती तारीख आठवा आणि आजपर्यंतचे दिवस मोजा. महिना उलटून गेला असेल तर आजचा डोस घेऊ नका, उद्या सकाळी लॅबमधे जाऊन लिव्हरची टेस्ट करा, आणि रिपोर्ट काहीही आला तरी इथे खाली लिहा, मी रोज बघते.